पाहणारा मागे बसतो

डॉक्टर चांगदेव म्हात्रे तळे गावच्या दवाखान्यात रुजू झाला त्याला एकोणीसशे तेहतीसच्या माघात पाच वर्षे पुरी झाली. मुंबईत डॉक्टरकीची परीक्षा उतरलेला, अजून पस्तिशीही न गाठलेला हा माणूस डोंगराच्या कुशीतल्या या गावात इतका कसा रमला, याचे लोकांना नवल वाटे. अलिबागेकडची चांगली जागा त्याला दोनदा देऊ केली गेली आणि दोन्ही वेळा त्याने काहीतरी निमित्त काढून ती नाकारली. खरे कारण एवढेच होते, की तळ्याहून समुद्र दिसत नाही. उरणकडच्या मिठागरांवर राबणाऱ्या आगरी घरात तो जन्मला होता. त्या घरातून शाळेची पायरी चढलेला तो पहिला; पण तळ्याला आल्यापासून त्याने तिकडची वाट धरली नव्हती. म्हाताऱ्या आईला, सखुबाईला, तो दर महिन्याला पत्र लिही, शेजारचा कोणी ते तिला वाचून दाखवी, आणि एवढ्यावरच त्या नात्याचे भागत होते.

सकाळी हिवतापाची माणसे, दुपारी खरूज, विळ्याचे वार, पिकलेली गळवे असा दिवस सरला, की तो दवाखान्याच्या पडवीत कंदिलाजवळ एक जाड इंग्रजी पुस्तक उघडून बसे. पुस्तक मेंदूवरचे होते. तळ्यासारख्या ठिकाणी मेंदूचा म्हणावा असा रोगी वर्षा-दोन वर्षांतून एखादा येई, तरी त्या पुस्तकाची पाने कडांना काळी पडली होती. कपाळामागचा भाग माणसाला तोलूनमापून वागायला लावतो, डाव्या कानशिलाजवळचा त्याला बोलू देतो, मानेच्या वर दडून बसलेला लहान मेंदू चालताना पाय डगमगू देत नाही, आणि त्याहून आत, देठासारखा जो भाग आहे, तो झोपेतसुद्धा श्वास चालू ठेवतो. पुस्तक हातात घेतले की आपोआप उघडे ते या देठाच्या प्रकरणाशी.

त्याच माघात, गावापासून दीड कोसावर असलेल्या बोरमाळच्या वाडीतला भागोजी झाडावरून पडला. भाताचे रोप पेरायची जमीन भाजण्यासाठी त्या दिवसांत कुणबी झाडांचा टाहाळ तोडून वाळत घालतात. भागोजी ऐनाच्या झाडावर चढला होता. हातातला कोयता सुटला, तो धरायला म्हणून वाकला आणि पाठीवर पडला. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. नऊ दिवस त्याला शुद्ध नव्हती. दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत, घरात तो आणि त्याची बायको मनुबाई अशी दोघेच. तिने ते नऊ दिवस त्याच्या ओठांवर पेजेचे पाणी सोडून त्याला जगवला. दहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले, "टाहाळ वाळला का गं?" असे विचारले, आणि मनुबाई देवापुढे जाऊन मोठमोठ्याने रडली.

त्या नऊ दिवसांत चांगदेव चारदा वाडीवर जाऊन आला होता. अकराव्या दिवशी तो पुन्हा गेला, तेव्हा भागोजी माजघरात घोंगडीवर उठून बसला होता. बोलणे स्वच्छ होते, हातापायांत जोर होता, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाबरोबर लहानमोठ्या होत होत्या. चांगदेवला समाधान वाटले. मग मनुबाईने पितळीत पेज आणली, आणि भागोजीने ती घ्यायला जो हात पुढे केला तो पितळीपासून चांगला वीतभर डावीकडे.

"नीट धर की, सांडशील," तो बायकोलाच म्हणाला.

चांगदेव जवळ सरकला आणि त्याने तीन बोटे त्याच्या तोंडासमोर धरली. "भागोजी, बोटं किती?"

"पाच. चांगला पंजा हाय की."

"आणि आता माझ्या हातात काय आहे?"

हातात काहीच नव्हते. भागोजीने मान किंचित कलती केली, जणू नीट पाहून घेतले, आणि म्हणाला, "चावी. दवाखान्याची असंल."

त्याला काही दिसत नव्हते, आणि आपल्याला दिसत नाही हेच त्याला ठाऊक नव्हते. असा रोगी असतो हे चांगदेवने पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष तो समोर बसून शांतपणे पेज पितो आहे, हे पाहताना त्याच्या अंगावर जो काटा आला, त्यात बराचसा आनंदही होता.

बाहेर ओटीवर मनुबाई वाट पाहत उभी होती.

"डोळ्यांना काही झालेलं नाही, मनुबाई," तो म्हणाला. "डोळे म्हणजे नुसती दारं. पाहणारा आत, पार मागे बसतो. इथं." त्याने स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दाखवली. "मार तिथं बसला आहे."

"म्हंजे ह्यांना दिसत न्हाय?"

"नाही."

"पन ते तर दिसतंय म्हनतात. सकाळी मला म्हनाले, कोंबडी आत आली, हाकल. कोंबडी न्हवती."

"ते खोटं बोलत नाहीत. मेंदूचे बाकीचे भाग शाबूत आहेत, आणि पाहणारा गेला हे त्यांना कोणी कळवलेलंच नाही. जागा रिकामी राहू नये म्हणून ते आपले चित्रं भरत राहतात. भागोजींना ती खरीच दिसतात."

मनुबाईने पदराने तोंड पुसले आणि थोडा विचार केला. "मग ती चितरं येतात कुठनं?"

"आठवणीतून," चांगदेव म्हणाला. तिला ते पटले. त्यालाही पटले.

त्यानंतर दर गुरुवारी दवाखाना आटोपला की तो वाडीवर जाऊ लागला. बरोबर एक वही असे. भागोजीला त्या त्या दिवशी काय दिसते ते तो त्याच्याच शब्दांत उतरवून घेई. खळ्यावर पडलेले भात, कधीच मेलेला पांढऱ्या कपाळाचा बैल, चुलीपाशी बसलेली आई. सगळे त्याच्या आयुष्यातले, सगळे जुने. आपण सांगितले त्याप्रमाणेच हे चालले आहे, याचा चांगदेवला एक प्रकारचा अभिमान वाटू लागला होता. वाडीहून उतरताना तो स्वतःशी शीळ घाली, आणि पाच वर्षांत कोणी त्याची शीळ ऐकली नव्हती.

चौथ्या गुरुवारी तो उंबरा ओलांडून आत आला, तोच भागोजी म्हणाला, "डाक्तर, आदी पाय धुऊन घ्या. गुडघ्यापातुर मीठ लागलंय."

चांगदेवच्या पायांत मोजे आणि बूट होते. तो खाली बसला, वही उघडली आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "आणखी काय दिसतं? मी घातलंय काय?"

"घातलंय काय म्हंजे? उघडंच हाय की अंग. कमरंला रुमाल, डोकीला फडकं. उन्हातनं आल्यावानी दिसताय." भागोजी जरा हसला. "आनि ह्या डाव्या भुवईवर खोक. जुनी हाय न्हवं ती?"

चांगदेव लिहीत होता. 'रुमाल', 'फडकं' हे शब्द लिहून झाले होते. भुवईपाशी त्याचा टाक थांबला आणि कागदावर शाईचा एक डाग हळूहळू वाढत गेला. त्याच्या स्वतःच्या भुवईवर कसलाही वण नव्हता. परत जाताना त्याने मनाशी बराच खल केला. आपण मिठागराकडचे, हे कंपाउंडर अंबाजीला माहीत आहे. अंबाजीला माहीत म्हणजे साऱ्या तळ्याला माहीत. तेव्हा मीठ, रुमाल, फडके हे सगळे मनुबाईच्या तोंडून भागोजीच्या कानी गेले असणार. आणि खोक काय, कष्टाच्या माणसाच्या भुवईवर कुठेही असते. हे सगळे अगदी सयुक्तिक होते. तरी त्या दिवशी शीळ काही वाजली नाही.

पुढच्या खेपेला मनुबाई त्याला अंगणातच भेटली. ती काहीशी अवघडून बोलली.

"तुमी मंगळवारी येऊन गेलात, असं हे म्हनतात. काल बी आलात म्हनं."

"मी? नाही."

"मी बी तेच सांगते. पन ह्यांचं म्हननं, डाक्तर रोज येतात, कोपऱ्यात बसतात, बोलत न्हाईत. मला म्हनतात, त्यांना पानी दे. मी आपली तांब्या ठिवते तिथं." ती थांबली. "आजारी मानसाचं मन कशाला मोडायचं."

"बरोबर केलंत," चांगदेव म्हणाला.

"दुसरं कायतरी हाय." ती त्याला आत घेऊन गेली. जात्याच्या पलीकडे, भिंतीला लागून असलेला कोपरा तिने दाखवला. जमीन नुकतीच सारवलेली होती आणि सगळीकडे खडखडीत वाळली होती. तिथे मात्र, माणूस मांडी घालून बसेल एवढ्या जागेत, ती ओलसर काळी होती. "तीन येळा सारवलं. सुकत न्हाय."

चांगदेव वाकला. जमिनीला बोट लावून त्याने ते उजेडात धरले. मिठाने धरलेली जमीन अशीच ओल सोडत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. बोट जिभेला लावून पाहावे असे त्याच्या मनात आले; त्याने ते रुमालाला पुसले.

"तांब्यातलं पाणी सांडत असेल," तो म्हणाला.

पलीकडे घोंगडीवरून भागोजी हाक मारीत होता. चांगदेव त्याच्यापाशी जाऊन बसला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ आणि कौतुक दोन्ही होते. "आज दोघं बी आलात व्हय! बगा, मी म्हातारा खुळाच. इतके दिवस त्यांनाच डाक्तर समजून बसलो. आज त्यांनी तोंड उघडलं. म्हनाले, मी डाक्तर न्हाय, डाक्तरचा थोरला भाऊ."

मनुबाई चुलीकडे गेली होती.

"काय नाव सांगितलं?" चांगदेवने विचारले.

"नाव न्हाय सांगितलं. पन तुमाला ते चांग्या म्हनतात."

तळ्यात त्याला डॉक्टर म्हणत, मुंबईत म्हात्रे म्हणत, आई दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या पत्रात चांगदेव म्हणे. चांग्या म्हणणारे एकच माणूस होते. अंबाजीला हे कुठून कळणार?

भावाचे नाव धर्मा. तो चांगदेवहून अकरा वर्षांनी मोठा. बाप लवकर गेल्यावर त्याने मिठागराचे काम अंगावर घेतले आणि धाकट्याला पायांना मीठ लागू दिले नाही. पाच वर्षांपूर्वी, परीक्षेचा निकाल लागून सहा महिने झाले असताना चांगदेव चार दिवसांसाठी घरी गेला होता. भरतीचे पाणी मिठागरात घेण्यासाठी बांधाला जी फळ्यांची दारे असतात, त्यांना तिकडे उघाडी म्हणतात. त्या उघाडीवरून सकाळी धर्मा घसरला आणि त्याचे डोके चिऱ्यावर आदळले. तो हसत हसत चालत घरी आला. तासाभराने डोके असे ठणकू लागले, की तो घोड्यासारखा धिप्पाड माणूस गडबडा लोळू लागला. डोक्याला मार लागलेल्याला मॉर्फियाची सुई द्यायची नाही, श्वास चालवणारा देठाचा भाग तिने झोपी जातो, हे चांगदेवने परीक्षेत लिहिलेले होते. पण आई म्हणत होती, "अरे, तू डाक्तर झालास ना, दे की कायतरी." त्याने सुई दिली. धर्मा शांत झाला. आईने चांगदेवच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. दुपारच्या उन्हाने आणि सुटकेने चांगदेवला तिथेच भिंतीशी डुलकी लागली.

तो जागा झाला तेव्हा ऊन कलले होते. धर्माचा श्वास चालू होता, पण एक येऊन गेला की दुसरा येईपर्यंत घर नुसते थबकून राही. आई विहिरीवर गेली होती. करण्यासारखे पुष्कळ होते. हाक मारायची, चार माणसे जमवायची, छाती दाबत राहायची, रात्रभर दाबत राहायची. पण माणसे जमली असती तर कोणीतरी विचारले असते, की काय दिले होतेस? चांगदेव उठला नाही. आता काही उपयोग नाही, असे तो स्वतःला सांगत राहिला, आणि श्वास मोजत राहिला. मग आई आली तेव्हा त्याने सांगितले, की डोक्यातली शीर फुटली होती, कोणाचा इलाज चालला नसता. कोणीही काही विचारले नाही. घरात डॉक्टर तोच होता.

हे त्याने कुठल्याही जिवंत माणसाला सांगितले नव्हते.

त्या गुरुवारी त्याने वही उघडलीच नाही. तो भागोजीच्या घोंगडीजवळ सरकला आणि, ज्या आवाजाची त्याला स्वतःलाच ओळख पटली नाही अशा आवाजात, म्हणाला, "त्यांना विचारा, आणखी काही म्हणायचं आहे का."

भागोजीने कोपऱ्याकडे तोंड केले. दिसणारा माणूस जसे करतो तसेच, नेमके. थोडा वेळ ऐकल्यासारखे करून तो वळला.

"म्हनतात, चांग्या मोजत होता ते ऐकू येत होतं. जीभ हलत न्हवती, पन ऐकू समदं येत होतं. सतरापातुर मोजलंस, म्हनतात." मग त्याने साध्या कुतूहलाने विचारले, "काय मोजत होतात, डाक्तर?"

"काही नाही," चांगदेव म्हणाला.

आकडा सतराच होता.

पुढचे दोन गुरुवार तो वाडीकडे फिरकला नाही. दवाखान्यात माणसे फार आहेत, असे त्याने अंबाजीकरवी कळवले. पुस्तक उघडून तो पुन्हा पुन्हा ते प्रकरण वाची. रिकाम्या जागेत चित्रे भरली जातात, हे तिथे लिहिलेले होते. ती आठवणीतून येतात, हेही होते. पण भागोजीच्या रिकाम्या जागेत दुसऱ्या कोणाची आठवण कशी शिरावी, याविषयी एवढ्या जाड पुस्तकात एक ओळ नव्हती. दुसरी एक गोष्ट त्याला आत कुरतडत होती. भागोजी कोणापाशी काय बोलेल? मनुबाईपाशी, मुलांपाशी, बाजारात भेटणाऱ्या माणसापाशी? त्याला ती गमतीची गोष्ट वाटत असेल. असल्या गोष्टी माणसे हसत हसत सांगतात.

चैत्रातल्या एका भर दुपारी वाडीतला येसाजी धावत दवाखान्यात आला. भागोजीचे डोके फुटायला आले आहे, सकाळपासून तो भिंतीवर कपाळ आपटतो आहे, मनुबाईने डॉक्टरांना असतील तसे बोलावले आहे. चांगदेवने पेटी उचलली. पेटीत काय काय आहे हे त्याला न पाहताही माहीत होते.

भागोजी घोंगडीवर पोटात पाय घेऊन पडला होता आणि दोन्ही हातांनी डोक्याची मागची बाजू दाबून धरीत होता. मनुबाईचे केस सुटले होते. तिने चांगदेवचे पाय धरायचे तेवढे ठेवले.

"सकाळपास्नं असंच चाललंय. मधनंच म्हनतात, उजेड दिसतो, लाल दिसतं, मग वरडतात. कायतरी द्या वो, डाक्तर. सुई द्या. गप पडू देत जरा."

उजेड दिसतो म्हणजे मागचा भाग जागा होतो आहे, हे चांगदेवला कळले. त्याने नाडी पाहिली, बाहुल्या पाहिल्या. पेटी उघडली. मॉर्फियाची बाटली बोटांत घेतली तेव्हा बोटे जराही थरथरत नव्हती, आणि याचीच त्याला नंतर सर्वांत जास्त भीती वाटत राहिली. त्याच्या मनात सगळे अगदी लख्ख होते. सुई दिली तर भागोजी शांत होईल. कदाचित फारच शांत होईल. डोक्याला इतका मोठा मार बसलेला माणूस, दोन महिन्यांनी गेला. कोणीही काही विचारणार नाही. आणि मग वाडीवर येण्याचे कारण उरणार नाही, कोपऱ्यातल्या माणसालाही तोंड उरणार नाही.

त्याने पिचकारी भरली.

"भागोजी," त्याने खाली वाकून हळू विचारले, "ते आहेत का?"

"हायेत," भागोजी दातांवर दात रोवून म्हणाला.

"काय म्हणतात?"

"कायच न्हाय. नुसतं तुमच्या हाताकडं बगतायत."

चांगदेवने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिले. जाते होते. भिंत होती. मनुबाईने ठेवलेला तांब्या होता, आणि त्याच्यापाशी जमिनीचा तो काळा, ओला तुकडा. किती वेळ तो तसा पाहत राहिला कोण जाणे. मग त्याने पिचकारी दाराबाहेर धरून रिकामी केली.

"सुई देता येत नाही," तो मनुबाईला म्हणाला. "विहिरीचं गार पाणी आणा. भरपूर आणा. मी इथंच बसतो."

तो संध्याकाळपर्यंत बसला. ओली फडकी बदलीत, उशी उंच करीत, भागोजीच्या ओरडण्याला उत्तर देत बसला. ऊन कलू लागले तसा भागोजीचे कण्हणे कमी झाले आणि त्याचा डोळा लागला. चांगदेव भिंतीला टेकला नाही. दर थोड्या वेळाने तो त्याला हलवून नाव विचारी, आणि भागोजी चिडून नाव सांगी. श्वासाकडे त्याचे सगळे लक्ष होते. पण त्याने तो मोजला नाही. मोजायला ओठ हलले, की तो दात आवळून घेई.

दिवेलागणीला मनुबाईने कोनाड्यात पणती लावली. भागोजीने डोळे उघडले, पापण्या फडफडवल्या आणि कोनाड्याकडे तोंड केले.

"वात मोठी झालीय, कमी कर," तो म्हणाला.

वात खरोखरच मोठी झाली होती.

मनुबाईच्या हातातली काडी तशीच जळत राहिली. चांगदेवने पणती उचलून डावीकडे नेली. भागोजीची नजर तिच्यामागे गेली. उजवीकडे नेली, उजवीकडे गेली. कोयता दाखवला, तो कोयता म्हणाला. रिकामी मूठ दाखवली, तो म्हणाला, कायच न्हाय हातात. मनुबाईने तोंडात पदर कोंबून हुंदका दाबला. तिच्याकडे पाहून भागोजी म्हणाला, "किती वाळलीस गं," आणि मग ती दोघेही रडू लागली. चांगदेवने पेटी बंद केली. छातीवरचे काहीतरी मोकळे झाल्यासारखे त्याला वाटत होते. पाहणारा आपल्या जागी परत आला होता. आता खोट्या चित्रांना तिथे जागा नव्हती. उद्या आईला पत्र लिहायचे, नाही, उद्या आपणच जायचे आणि तिच्यासमोर बसून सगळे सांगायचे, असे त्याने ठरवले. मनुबाईने दिलेला गूळ त्याने तोंडात टाकला आणि तो उठला.

भागोजी बायकोच्या खांद्याचा आधार घेत उंबऱ्यापर्यंत आला. अंगणात अजून संधिप्रकाश होता. त्याने अंगण पाहिले, गोठा पाहिला, खाली तळ्याकडे उतरणारी शेते पाहिली, आणि मग चांगदेवचा चेहरा पहिल्यांदाच, नीट, न्याहाळून पाहिला.

"तुमी डाक्तर," तो म्हणाला. "आवाज वळखीचा, पन तोंड आज दिसलं."

"हो," चांगदेव हसून म्हणाला. "आता सगळं खरं दिसेल."

"व्हय." भागोजीची नजर त्याच्या चेहऱ्यावरून किंचित बाजूला, त्याच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे सरकली आणि तिथेच ठरली. "तोंडवळा एकच हाय पन तुमा दोघा भावांचा. कुनीबी वळखंल." मग त्याच्या कपाळाला काळजीची आठी पडली आणि त्याने आवाज खाली आणला. "डाक्तर, उतारावरनं त्यांना जपून न्या. अजून डोस्कं धरून उभे हायेत."

मनुबाईने पदर सावरला आणि ती वाटेतून जराशी बाजूला झाली. एकाला जायला लागते त्याहून थोडी जास्तच.

चांगदेव पायऱ्या उतरला. वाडीच्या खाली भाताची खाचरे लागतात आणि तिथून वाट एका बांधावरून जाते. बांध अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस चालेल एवढा. त्यावर पाय ठेवता ठेवता तो थबकला. मग तो बांधावरून खाली उतरला आणि खाचरातल्या वाळलेल्या धसकटांतून, बूट अडखळत असताना, बांधाच्या कडेकडेने चालू लागला. बांधाच्या टोकाशी पोचल्यावर तो उभा राहिला. डोके धरून हळूहळू येणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तो थांबला, आणि मगच त्याने पुढची वाट धरली.